सावकाश पडण्याचा सराव

डिसेंबर. तीन वाजताच अंधार.
मैदानावरचे गोल आडवे पाडून दोरांनी बांधलेत,
नाहीतर वारा उचलून नेतो.
परवाच्या साली एक खरंच गेला होता,
एइदुनच्या कुंपणात सापडला, जाळीसकट,
आत एक एडका उभा,
पेनल्टी अडवायला थांबल्यासारखा.

मार्चपर्यंत सामने नाहीत.
लोक म्हणतात, आता काय, आराम.
मी सकाळी सहापासून सॅल्मन कापते,
ओल्या फरशीवर, रबरी बुटांत,
आणि संध्याकाळी शाळेच्या व्यायामशाळेत
चौदा जणींच्या रांगेत उभी राहते.
माझ्या हातांना वास येतो. कुणी काही बोलत नाही,
निम्म्या जणींच्या हातांना तोच येतो.

रान्नवाकडे शिट्टी नाही, घड्याळ नाही.
ती बोटांवर मोजते, मोजताना चुकते,
आणि दर वेळी आमच्याच विरुद्ध चुकते.
"बाकावरून उडी. उतरताना आवाज नको.
गुडघ्यांना एकमेकांकडे बघू देऊ नका.
परत. बिर्ता, हत्ती उतरला का गं?"

माझा गुडघा गेला तो टोफ्तिरला, एप्रिलमध्ये.
कुणाचा धक्का नाही, पाय नाही.
चेंडू मागे राहिला म्हणून वळले, एवढंच.
आतून आवाज आला,
वाऱ्यावर वाळलेला मासा मोडावा तसा.
बाबा म्हणतात, त्यांना तो कठड्यापाशी ऐकू आला.
शक्य नाही. पण मी वाद घालत नाही.
नंतर दहा महिने मी जिना चढताना
पायऱ्या मोजल्या. घरात अकरा आहेत,
दवाखान्यात बावीस.

"गुडघे टेका," रान्नवा म्हणते.
आमच्याकडे हे शरण जाणं नव्हे.
मार्युन मागे बसते, माझे घोटे धरते.
सतरा वर्षांची.
मी नव्हते तेव्हा माझ्या जागी तीच खेळली,
आणि खेळली चांगली, हे मी तिला
एकदा सांगितलंय. दोनदा नाही.
पाय धरतो तो काहीतरी मागत असतो म्हणे.
ही काही मागत नाही. फक्त वजन देते.

मी पुढे झुकते.
कमरेत मोडायचं नाही,
गुडघ्यापासून टाळूपर्यंत एक फळी.
मांडीमागची शीर ताणत जाते,
बोट धक्क्याला बांधल्यावर
ओहोटीत दोर ताणतो तशी.
पडायचं तर आहेच.
फक्त जितकं उशिरा जमेल तितकं.

"माझा उजवा दुखतो," मार्युन माझ्या टाचांशी पुटपुटते.
"पंधरा दिवस झाले. बाहेरच्या बाजूला नाही, आत.
सांगू नकोस."

मी तेव्हा हवेत होते, अर्धी.
अशा वेळी माणसाला उत्तर देता येत नाही.
हात टेकले, गाल चटईला लागला,
चटईला गेल्या पिढीच्या मोज्यांचा वास.

मार्चच्या पहिल्या सामन्यासाठी
ही पोर गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेली,
आणि बाशिंगाखाली हे.

मला आठवलं, मीही मार्चमध्ये
काहीतरी टोचतंय असं कुणालातरी म्हणाले होते.
कुणाला, ते आठवेना.
बहुधा कुणालाच नाही.

"बदला," रान्नवा ओरडली.
मार्युन गुडघ्यांवर आली. मी तिचे घोटे धरले नाहीत.
सरळ उठले, भिंतीपर्यंत गेले,
आणि रान्नवाच्या मोजणाऱ्या बोटांवर हात ठेवला.
ती सातवर होती.

मार्युनला तीन आठवडे उडी बंद.
नुसतं पोहणं, आणि रबरी पट्ट्याने पाय ओढणं,
लहान मुलांसारखं, ती म्हणते,
म्हणजे बिर्ताला म्हणते. माझ्याशी बोलत नाही.

आज मंगळवार. बाहेर आडवा पाऊस,
दिव्याखाली दोरांनी जखडलेले गोल थरथरतायत.
रांग लागली. जोड्या पडल्या.
ती येऊन माझ्या मागे बसली,
एक शब्द नाही,
आणि घोटे असे आवळले
की उद्या बुटात वळ दिसणार.

मी झुकले.
रान्नवाने मोजायला घेतलं.